दोघांचं एक व्हायोलिन

दौलतरावांना लकवा मारला तो एका रविवारी सकाळी, ऐन शिकवणीत. केनवडच्या घरी ओसरीवर चार शिष्य बसले होते आणि दौलतराव त्यांना तोडीतली एक सावकाश उतरणारी जागा दाखवत होते. भागिरथा आत तव्यावर भाकर टाकत होती. अर्ध्यातच सूर तुटला.

एक्केचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी सूर अर्धा टाकलेला तिनं ऐकला नव्हता. एकदा तर ओसरीवर साप निघाला होता, तेव्हाही त्यांनी तान पुरी करून मग पाय वर घेतले होते. भाकर तव्यावर तशीच सोडून ती धावली. शिष्यांना अजून काही कळलंही नव्हतं. गज खाली पडला होता आणि दौलतराव आपल्या उजव्या हाताकडे असे पाहत होते, जणू कुणीतरी आपली वस्तू त्यांच्या मांडीवर विसरून गेलं होतं.

अकोल्याच्या दवाखान्यात एकोणीस दिवस काढून ते घरी आले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणंही गेलं. समजायचं सगळं, पण शब्द जिभेवर येईना. एवढ्या मोठ्या भाषेतले तीनच शब्द त्यांच्याकडे उरले होते. ‘नाही’, ‘पुन्हा’ आणि ‘हट’. पाणी हवं असलं तरी ‘पुन्हा’ आणि उशी नको असली तरी ‘पुन्हा’. चुकीचा शब्द निघाला हे त्यांना स्वतःलाच कळायचं, मग ते डोळे मिटून घ्यायचे.

दौलतराव म्हणजे काही गावातले हौशी वाजवणारे नव्हते. सतराव्या वर्षी घरातून पळून ते अमरावतीला एका व्हायोलिनवादकाकडे गेले, सात वर्षं त्यांच्या घरी पाणी भरून शिकले. वडील आजारी पडले म्हणून परत यावं लागलं. मग वीस एकरांची शेती आणि रिसोडच्या शाळेतली संगीतशिक्षकाची नोकरी सांभाळत त्यांनी नागपूर, अकोला, जबलपूरपर्यंत मैफली केल्या. पुण्याला या, इथं राहा, असं पुष्कळांनी सांगितलं. ते गेले नाहीत. ज्याला शिकायचं तो केनवडला येईल म्हणाले, आणि लोक खरंच यायचे. त्यांच्या द्रुत लयीचा बोलबाला होता. गज तारेवर असा पळायचा की ऐकणारे बसल्या जागी पुढं पुढं सरकायचे.

त्यांच्या व्हायोलिनला घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही हा नियम होता. भागिरथानं एक्केचाळीस वर्षं त्या पेटीवरची धूळ पुसली, पण पेटी कधी उघडली नाही.

दवाखान्यातून आल्यावर दोन महिने घर मुकं होतं. शिष्य आधी भेटायला यायचे, नंतर तेही कमी झाले. आलेला माणूस खुर्चीवर बसून चुकचुकायचा, बिस्किटाचा पुडा ठेवायचा आणि निघून जायचा. भागिरथाला ते बिस्किटांचे पुडे पाहिले की संताप यायचा.

एके दिवशी सकाळी ती त्यांचं अंग पुसत होती. दौलतराव छताकडे पाहत पडले होते आणि त्यांच्या डाव्या हाताची बोटं गोधडीवर हलत होती. तिला आधी वाटलं, खाज सुटली असेल. मग तिनं नीट पाहिलं. पहिलं बोट घसरत वर जायचं, थांबायचं, दुसरं त्याच्या शेजारी टेकायचं, मग दोन्ही हळूच खाली यायची. तिचा हात थांबला. स्वयंपाकघराच्या भिंतीआडून तिनं हे हजारदा ऐकलं होतं.

“हे तं थेच हाये,” ती म्हणाली. “त्या दिवशी मधातच राह्यली होती थे जागा.”

आणि तिनं ती जागा गुणगुणली. तिचा आवाज काही तयारीचा नव्हता, पण सूर बरोबर होते.

दौलतरावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. आणि ज्या गळ्यातून दोन महिने धड ‘पाणी’ हा शब्द निघाला नव्हता, त्या गळ्यातून स्वच्छ, लांब ‘सा’ निघाला. मग ‘रे’. मग ‘ग’. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते गात होते.

रिसोडच्या डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं, की बोलणं डोक्यात एका जागी असतं आणि गाणं दुसऱ्या जागी. एक जळालं तरी दुसरं शाबूत राहू शकतं. भागिरथाला एवढंच कळलं की माणूस आत पुरा जागा आहे.

त्याच आठवड्यात सतीश आला. सतीश त्यांचा एकुलता एक मुलगा, अकोल्याला बँकेत होता. मनानं चांगला पण घाबरट. जेवणं झाल्यावर त्यानं व्हायोलिनची पेटी उचलली आणि दाराकडे निघाला.

“कुठी नेऊन राह्यला?” भागिरथानं विचारलं.

“अकोल्याच्या एका संगीत विद्यालयाशी बोललो आहे आई. ते काचेच्या कपाटात ठेवतील, खाली बाबांच्या नावाची पाटी लावतील. इथं समोर दिसलं की बाबांना त्रास होतो.”

“बाप जिता हाये अन् त्याचं व्हायोलिन कपाटात?”

“आई, आता ते कधी वाजवणार आहेत का? खरं बोल.”

भागिरथा उठून दारात उभी राहिली. “पेटी ठेव खाली.”

“अगं पण...”

“ठेव म्हनलं ना सतीश. पाटीगिटी आमी मेल्यावर लाव.”

सतीशनं पेटी ठेवली. तो गेल्यावर तिनं दाराला कडी घातली, हात धुतले, पदराला पुसले आणि पेटी उघडली. दौलतराव खाटेवरून पाहत होते. “नाही,” ते म्हणाले. मग पुन्हा जोरात, “नाही!”

“आता नाही म्हनून कसं चालन?” ती म्हणाली.

तिनं त्यांना खाली सतरंजीवर बसवलं, पाठीला लोड लावला. उजवा पाय गुडघ्यात वाकवून पुढं ठेवला. व्हायोलिनचं डोकं त्याच निर्जीव टाचेवर टेकवलं, कारण खाली बसून वाजवताना ते नेहमी तिथंच टेकायचं. बूड डाव्या खांद्याखाली आलं. डावा हात आपणहून जागेवर गेला, जसा गोठ्यातला बैल आपल्या दावणीला जातो. पण बोटं दाबून तार काही वाजेना. वाजवायला दुसरा हात हवा. दौलतरावांच्या घशातून एक घुसमटलेला आवाज निघाला आणि त्यांनी व्हायोलिन ढकललं. तिनं ते पडू दिलं नाही. ती त्यांच्या उजव्या खांद्यामागं गुडघे टेकून बसली, गज उचलला आणि त्यांचा हात असता तर जिथं आला असता तिथून आपला हात पुढं काढला.

पहिला आवाज असा निघाला, की शेजारच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

“नाही,” दौलतराव म्हणाले.

तिनं परत ओढला.

“नाही.” त्यांनी डाव्या हातानं तिची बोटं गजावरून सोडवली. पळी धरल्यासारखा गज धरला होता तिनं. त्यांनी एकेक बोट उचलून जागेवर ठेवलं, अंगठा वाकवला, करंगळी वर टेकवली. “पुन्हा.”

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत दोनच शब्द त्या घरात बोलले गेले. भागिरथाचा दंड इतका भरून आला की रात्री तिला भाताचं पातेलं उतरवता आलं नाही.

पुढचे चार महिने असेच गेले. शेत दुसऱ्याला कसायला लावून दिलं होतं, पोटापाण्याची चिंता नव्हती, पण बाकी हालच होते. मोकळ्या तारेवर नुसता गज ओढायचा, वर आणि खाली. आवाज न थरथरता, न फाटता, सुरुवातीला जेवढा तेवढाच शेवटी. भागिरथा शिरपूरजवळच्या एका लहान शेतकऱ्याची मुलगी. पोरवयात ती तिफणीमागं सरतं, म्हणजे बी सोडायची नळी, धरून चालायची, मुठीतून तुरीचं बी सोडत. बैल चाल बदलतील, पायाखाली ढेकूळ येईल, पण दाणा सारखा पडला पाहिजे, नाहीतर सगळ्या गावाला दिसतं कुणाची मूठ चुकली ते. हे तसंच आहे असं एक दिवस तिच्या लक्षात आलं. गज दाबायचा नसतो, सोडायचा असतो. त्या दिवशी तार पहिल्यांदा नीट बोलली. दौलतरावांनी बोट तारेवर ठेवलं आणि सरकवलं, आणि दोघांनी मिळून पहिली मींड घेतली.

लखीराम तेव्हा ओसरीच्या पायरीवर होता. लखीराम तांड्यावरचा, शाळेपासूनचा दौलतरावांचा मित्र, चाळीस वर्षं त्यांच्यासोबत तबला वाजवलेला. तो रोज यायचा, तंबाखू मळत गुपचूप ऐकायचा. आज तो उठून घरी गेला आणि तबला-डग्गा घेऊन आला.

“वयनी,” तो म्हणाला, “सूर त्याचा हाये, पन दम तुमचा हाये. आता बसतो मी बी.”

गावात व्हायचं ते बोलणं झालंच. साठीच्या बाईनं दारं उघडी टाकून नवऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसायचं, आणि तेही दिवसभर! पाणवठ्यावर कुणीतरी हसत म्हणालं, भागिरथाबाईला म्हातारपणी प्रेम आलं. तिनं हंडा खाली ठेवून विचारलं, “तुले कधी येनार हाये?” त्यानंतर तिच्यासमोर कुणी काही बोललं नाही.

खरं भांडण घरातच झालं. दौलतरावांना त्यांची द्रुत लय हवी होती. एकदा बोटं मोकळी झाल्यावर ती पळायलाच लागली आणि गज मागं पडायला लागला. ते चिडून खांद्यानं तिला ढकलायचे. “नाही! नाही! पुन्हा!” एका दुपारी लखीरामसमोरच त्यांनी असा काही झटका दिला की गज तिच्या हातून निसटला.

भागिरथानं गज उचलला आणि पेटीत ठेवून झाकण लावलं.

“मी काय यंत्र हाये?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “एक्केचायीस वर्ष तुमी पयून राह्यले होते. लोक टाया वाजवत होते. मी आतून आयकत होती. मले वाटे, आता इथं जरा थांबतीन, ह्या सुरावर घडीभर बसतीन. तुमी कधी थांबले नाही. माहे हात म्हातारे हायेत, थे धावनार नाहीत. अन् धावले असते तरी मी धावू देल्ले नसते. बोटं तुमचे, गज माहा.”

“हट!” दौलतराव म्हणाले.

“हट तं हट.” ती आत गेली.

दोन दिवस पेटी उघडली नाही. तिनं त्यांना वेळेवर जेवायला घातलं, पाय चोळून दिले, पण बोलली नाही. लखीराम आला, दोघांची तोंडं पाहिली आणि परत गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी ती झाडत असताना दौलतरावांनी डाव्या हातानं पेटीवर थाप मारली. ती झाडत राहिली. मग ते गायला लागले. ‘ग’ लावला आणि त्याच्यावर थांबले, श्वास संपेपर्यंत. परत श्वास घेतला आणि परत तोच ‘ग’, आधीपेक्षाही सावकाश. गाऊन झाल्यावर त्यांनी तिच्याकडे पाहिलं. हे माफी मागणं होतं की विचारणं होतं हे तिला सांगता आलं नसतं. तिनं खराटा भिंतीला टेकवला आणि येऊन बसली.

त्यानंतरचं वादन वेगळं होतं. बोटं कधी हलायची ते दौलतराव ठरवायचे, पण सूर किती वेळ जगेल, कुठं भरेल, कुठं विरेल हे ती ठरवायची. कधी त्यांना पुढं जायचं असायचं आणि ती जाऊ द्यायची नाही. कधी त्यांना संपवायचं असायचं आणि ती गज उलटा फिरवून सूर जिवंत ठेवायची, मग त्यांना नवीन काहीतरी शोधावं लागायचं. पंचेचाळीस वर्षं जे राग त्यांनी वाजवले होते त्यांच्यात अशा जागा निघायला लागल्या की ते स्वतः थबकून हसायचे.

थंडीच्या सुरुवातीला कारंजा लाडहून रतनसिंग ठाकूर आले. तिथल्या संगीत मंडळाचे ते कार्यवाह, पेशानं वकील. दौलतरावांच्या कितीतरी मैफली त्यांनीच ठरवल्या होत्या. चहा पिता पिता त्यांनी पत्रिका पुढं केली.

“यंदाच्या महोत्सवात दौलतरावांचा सत्कार करायचं ठरलं आहे वहिनी. शाल, श्रीफळ, मानपत्र. सगळ्यांची फार इच्छा आहे.”

भागिरथानं पत्रिका वाचली. ‘अर्धांगवायूशी झुंजणारे ज्येष्ठ व्हायोलिनवादक’ असं छापलं होतं.

“सत्काराले किती वेळ?” तिनं विचारलं.

“दहा मिनिटं.”

“तेवढ्या वेळात आमी वाजवतो.”

रतनसिंगांनी कप खाली ठेवला. त्यांना वाटलं बाई थट्टा करते. मग लखीरामनं त्यांना आत नेऊन सगळं सांगितलं. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा अवघडला होता.

“वहिनी, तुमची तळमळ कळते मला. पण तिथं पुण्या-मुंबईचे कलाकार बसलेले असतात. दौलतराव काय वाजवायचे ते लोकांच्या कानात आहे. ते तसंच राहू द्यावं. आणि एका वाद्याला दोन माणसं... कुणी हसलं, कुणी कीव केली, तर आपल्यालाच वाईट वाटेल.”

“कीव तं तुमी छापूनच आनली, ठाकूरसाहेब,” ती म्हणाली.

रतनसिंग खरोखर दुखावले. वाईट माणूस नव्हता तो. सत्काराला नक्की या एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत ते गेले. संध्याकाळी सतीशचा फोन आला, त्याला कुणीतरी कळवलं होतं. “आई, लोक मोबाईल काढून बसतात आजकाल. चार चुका झाल्या तर गावभर फिरतील. बाबांचं एवढं नाव आहे.”

“नाव त्याहीचं हाये ना? मंग त्याहीले विचारतो.” तिनं फोन दौलतरावांच्या कानाला लावला. सतीश दोन मिनिटं काकुळतीनं बोलत होता. दौलतरावांनी सगळं ऐकून घेतलं.

“हट,” ते फोनमध्ये म्हणाले.

महोत्सवाच्या दिवशी लखीरामच्या पुतण्याच्या जीपमधून ते निघाले. मालेगाव, शेलूबाजार करत कारंजाला पोचले तेव्हा ऊन कललं होतं आणि कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता. मंगल कार्यालय भरलेलं होतं. सत्कार कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच होता. दोन जणांनी खुर्चीसकट दौलतरावांना मंचावर नेलं. मानपत्र वाचलं गेलं, त्यात ‘दैवाचा घाला’ आणि ‘मूक झालेले स्वर’ असं बरंच काही होतं. पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. भागिरथा मागं उभी राहून ऐकत होती आणि तिचे कान तापत होते.

शाल घालून झाल्यावर निवेदक सवयीनं म्हणाला, “दौलतरावांनी दोन शब्द...” आणि आपण काय बोललो हे ध्यानात येऊन माईकपासून मागं सरला.

दौलतराव माईककडे वाकले. “नाही,” ते म्हणाले. मग त्यांनी डाव्या हातानं खांद्यावरची शाल ओढून काढली आणि भागिरथाच्या हातात दिली.

तिनं क्षणभरही वाट पाहिली नाही. मंचाच्या कोपऱ्यात लखीराम तबला घेऊन आधीच जाऊन बसला होता. तिनं त्याला खूण केली, दोघांनी मिळून दौलतरावांना खाली गादीवर बसवलं. शालीची घडी करून तिनं त्यांच्या उजव्या टाचेखाली ठेवली आणि व्हायोलिनचं डोकं त्या टाचेवर टेकवलं.

रतनसिंग वाकून कुजबुजले, “वहिनी, अहो वेळ...”

“दहा मिनिटं आमचे होते ना? थेच घेऊन राह्यलो.”

ती त्यांच्या उजव्या खांद्यामागं बसली. सभागृहात खळबळ झाली, कुणीतरी दबकं हसलं, चारसहा मोबाईल वर आले. हे सगळं तिला दिसत होतं. पण हात मोकळा होता. बाहेर दिवस मावळत होता. दौलतरावांनी मारव्याचा कोमल रिषभ धरला आणि तिनं गज सोडला.

तिनं त्या रिषभावर घाई केली नाही. मारव्यात मन घरी जायला बघतं आणि घर सापडत नाही असं दौलतराव पूर्वी शिष्यांना सांगायचे, ते तिनं आतून ऐकलेलं. आज ती त्या सापडत नसलेल्या घराच्या दारातच बसून राहिली. दोघं धैवतापर्यंत गेली, परत आली. लोकांची चुळबुळ हळूहळू कमी झाली. आणि तेवढ्यात, वरच्या तारेवर जाताना, घामेजलेल्या बोटांतून गज घसरला. माईकमधून असा कर्कश आवाज निघाला की पुढच्या रांगेतल्या माणसानं कानाला हात लावला. मागून कुणीतरी मोठ्यानं हसलं.

तिचा हात हवेत थांबला. पहिल्यांदाच तिला वाटलं की उठावं आणि जावं.

“पुन्हा,” दौलतराव म्हणाले.

माईक जवळ होता, सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. तिनं पाहिलं तर त्यांचं बोट परत रिषभावर जाऊन बसलं होतं, जिथून ती ओळ सुरू झाली होती तिथं. ते तिची वाट पाहत होते. ओसरीवर पाहायचे तशी. जणू समोर चारशे माणसं नव्हतीच, आज सकाळची शिकवणी तेवढी चालली होती.

तिनं पदराला बोटं पुसली, अगदी सावकाश, आणि तीच ओळ पुन्हा धरली. या वेळी वरचा सूर लागला आणि लागून राहिला. लखीरामनं विलंबित ठेका धरला. दहा मिनिटांची सतरा मिनिटं झाली. रतनसिंगांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं नाही.

टाळ्या एकदम वाजल्या नाहीत. हे वाजवणं होतं की आणखी काही हे लोकांना ठरवता येत नव्हतं. मग मागून सुरुवात झाली, जिथून हसू आलं होतं जवळपास तिथूनच. सगळ्यांना आवडलं असं नाही. मंचामागच्या खोलीत एक जुने जाणकार कुणाला तरी सांगत होते, “शास्त्रीय संगीतात सर्कस शिरली.” ते भागिरथानं ऐकलं आणि त्यांच्याकडे वळून सरळ पाहिलं, तेव्हा त्यांनी चहाच्या कपात तोंड घातलं.

त्यानंतर ज्यांचं गाणं व्हायचं होतं त्या पुण्याच्या वयस्क गायिका तानपुरा लावता लावता उठून आल्या. दौलतरावांना नमस्कार करून म्हणाल्या, “दौलतराव, तुम्हाला मी तीन वेळा ऐकलंय. तुम्ही रिषभावर इतकं कधी थांबला नाहीत. हे केव्हा सुचलं?”

दौलतरावांनी तोंड उघडलं. शब्द येईना. मग त्यांनी डावा अंगठा उलटा करून खांद्यामागं बसलेल्या भागिरथाकडे दाखवला. गायिकेला वाटलं, बायकोनं उत्तर द्यावं असं ते म्हणताहेत. दौलतरावांनी मान हलवली आणि अंगठा परत तिकडेच, अधिक जोरानं दाखवला. तेव्हा गायिका भागिरथाकडे वळल्या आणि तिलाही वाकून नमस्कार केला. भागिरथा गजावरची राळ पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली. ‘पत्नीच्या साथीने दौलतरावांचे भावपूर्ण वादन.’ लखीराम मोठ्या हौसेनं वाचून दाखवत होता.

“साथ?” भागिरथा म्हणाली. “साथ तबल्याची असते.”

लखीरामनं पेपर खाली ठेवला. “हाव वयनी. साथ माही होती. तुमी तं वाजवत होत्या.”

“मंग त्याहीले फोन लाव.”

त्यानं खरंच लावला. पेपरवाल्यांनी काही दुरुस्ती छापली नाही. पण महिन्याभरानं शिरपूरहून एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तेव्हा फोनवरच्या माणसाला भागिरथानं आधीच सांगितलं, “पत्रिकेवर दोन नावं. दौलतराव अन् भागिरथाबाई. अन् दोघांच्या खाली एकच शब्द लिवा, व्हायोलिन. मदतीनं नाही, साथीनं नाही. नसन जमत तं नका बलावू.” तो माणूस विचारून सांगतो म्हणाला. चार दिवसांनी पत्रिका आली, तशीच छापलेली. रतनसिंगांचाही फोन आला, पुढच्या वर्षी अर्धा तास देतो म्हणून. तिनं चाळीस मिनिटं मागितली आणि घेतली.

शिष्य एकेक करून परत आले. सगळ्यांत आधी निकिता, रिसोडकडच्या एका शाळेत शिक्षिका असलेली. आता शिकवणी दोघं घ्यायची. डाव्या हाताची चूक दौलतराव दाखवायचे, गजाची भागिरथा. तिला रागांची सगळी नावंही येत नव्हती, पण कुणाचा गज खोटं बोलला की ती स्वयंपाकघरातूनही ओरडायची.

एका सकाळी निकिता लवकर आली तेव्हा ओसरीवर भागिरथा एकटीच बसली होती. दौलतरावांचं नव्हे, निकितानं मागच्या आठवड्यात आणून ठेवलेलं जुनं व्हायोलिन तिच्या मांडीवर होतं आणि त्याचं डोकं तिच्या स्वतःच्या टाचेवर टेकलेलं होतं. गज उजव्या हातात, आणि डाव्या हाताचं पहिलं बोट तारेवर सूर शोधत होतं. दौलतराव समोर खुर्चीत बसून पाहत होते.

“काकू, आता डावा हातही शिकताय?” निकिता हसून म्हणाली. “या वयात?”

“हे काही जन्माले पुरनार हायेत का माह्या?” भागिरथा नजर न उचलता म्हणाली. “नुसता गज घेऊन मी कुठी जाऊ मंग?”

बोट चुकत होतं, तिला ऐकू येत होतं. दौलतराव पुढं वाकले, त्यांनी डावा हात लांब करून तिचं बोट धरलं आणि तारेवर केसभर वर सरकवलं. ती गज ओढायला लागली. निकिता चप्पल काढून पायरीवर बसली आणि आपली पेटी न उघडता ऐकत राहिली.